कॅमेऱ्यातली मालकीण
ज्योती लग्नासाठी हैदराबादला गेलेली आणि तिच्या बीदरच्या घरात कुत्र्याचं पिल्लू पुन्हा गालिच्यावर मुतलेलं. पिल्लू सांभाळायला ठेवलेली म्हाळसाबाई फडकं घेऊन वाकली, तोच भिंतीवरच्या कॅमेऱ्यातून मालकिणीचा आवाज आला. "मावशी, नुसतं पुसायलाव काय? मारा त्याला, चपलेनं." "न्हाई ओ अक्का. कुत्रं म्हंजे मैलारदेवाचं. आम्ही धनगर त्याच्यावर हात उचलत न्हाई." "मग गालिचा धुवायला मैलारच यील का? मारा, न्हाईतर उद्या दुसरी बाई बघते." म्हाळसाबाईने कॅमेऱ्याकडे पाठ केली आणि चप्पल जमिनीवर आपटली. "मला दिसायलंय, मावशी." तेव्हा तिने डोळे मिटले, मैलाराचं नाव घेतलं आणि पिल्लाच्या पाठीत चप्पल घातली. ते केकाटत सोफ्याखाली शिरलं. "आता कसं! आता शिकंल बघा." तो आवाज ओळखून पिल्लू सोफ्याखालून बाहेर आलं. मार विसरून कॅमेऱ्याखाली धावलं, भिंतीला पाय लावून उभं राहिलं, सगळं अंग हलवत वर बघू लागलं, आणि मालकीण भेटल्याच्या आनंदात तिथेच पुन्हा मुतलं. "बघा, परत! कसलं निर्लज्ज कुत्रं हाय. आणखी एक द्या." म्हाळसाबाईने पिल्लाकडे पाहिलं. ते अजून वर, आवाजाकडेच बघत होतं. तिने चप्पल उचलली आणि पुन्हा त्याच्या पाठीत घातली. या वेळी तिने डोळे मिटले नाहीत, मैलाराचं नावही घेतलं नाही.