रामआळीतला लाल ठिपका

"सदू, चित्र झकास जमलंय. पण ही आलवणातली बाई तेवढी काढून टाक," दामले वकील म्हणाले. "दिवाणखान्यात लावायचंय ते. रोज सकाळी उठून विधवेचं दर्शन घ्यायचं का आम्ही?"

सदूची शाळेतली ड्रॉइंगमास्तरची जागा वकिलांच्या एका शब्दावर अडली होती. तो नुसता "हो" म्हणाला. चित्र न्यायला उद्या गडी पाठवतो, असं सांगून वकील निघून गेले.

ती बाई म्हणजे सदूची यमूआत्या. लोकांच्या घरी सोवळ्यातला स्वयंपाक करून तिनं या पोरक्या पोराला वाढवलं, मुंबईला चित्रकला शिकायला धाडलं.

आणि रामआळीचं ते चित्र जमलं होतं तेही तिच्यामुळेच. भर बाजारातला रस्ता रंगवणं म्हणजे काय खायचं काम आहे? रंग कालवेपर्यंत बैलगाडी निघून जायची, ऊन सरकायचं. माणसांचं तर विचारूच नका! सदू दिसला की टोपी सारखी करून फोटोला बसल्यासारखी ताठ व्हायची. कासार तर घरी जाऊन कोट चढवून आला. चित्रातली सगळी आळी मेल्यासारखी दिसायची. ताठ झाली नाही ती एकटी आत्या. कुणाला अपशकुन नको म्हणून ती खाली मान घालून, भिंतीच्या कडेकडेनं, लगबगीनं निघून जायची. तिच्या आलवणाचा तो लाल ठिपका चित्रात पडला आणि सगळी आळी चालू लागली.

आता तो काढला तर चित्रात राम उरला नसता. सदूनं पळवाट काढली. लाल लुगडं तसंच ठेवलं. डोईवरचा पदर खाली घेतला, काळाभोर अंबाडा काढला, त्यावर अबोलीची वेणी माळली, कपाळाला कुंकू टेकवलं. झाली विधवेची सवाष्ण! हे करताना हात जरासुद्धा थरथरला नाही, याचीच त्याला लाज वाटली.

रंग ओला होता तोच आत्या कामावरून परत आली. सदू चित्रापुढे आडवा उभा राहिला, पण तिनं पाहिलंच.

"ही मीच ना रे? काखोटीला माझंच सोवळ्याचं गाठोडं आहे की!"

मग तिची नजर अंबाड्यावर गेली. तिचा हात आपसूक पदराखाली, स्वतःच्या तासलेल्या डोक्यावर गेला. डोळे भरून आले.

"इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नाही रे बाबा. तू मला केस दिलेस."

सदूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगायचं सोडून तो कुंचला पुसत राहिला.

आत्या बराच वेळ चित्राकडे बघत राहिली. मग एकदम घाबरून, हळू आवाजात म्हणाली, "पण सदू, वकील हे पुसायला तर लावायचे नाहीत ना रे?"