टिकलीची वीण

भागीरथी परातीत शिरा घेऊन रस्ता ओलांडून आली, तेव्हा तिच्या तोंडावरचा आनंद लपत नव्हता. टिकली व्याली होती. बंद पडलेल्या रंगाच्या कंपनीच्या भिंतीजवळ तिने स्वतःच खड्डा उकरला होता आणि दोन दिवस ती त्यातून फारशी हलली नव्हती. काल पाणी प्यायला उठली तेव्हा तिचे सड दुधाने टम्म फुगलेले भागीरथीने पाहिले होते. आणखी पुरावा तो कसला हवा? कुत्री व्याली की तिला गूळ-तेलाचा शिरा घालायचा, ही तिच्या जांभूळ गावची रीत तिने आनंदनगर एमआयडीसीत चहाची टपरी टाकल्यावरही सोडली नव्हती. टपरीवरची गिऱ्हाइकं ताटकळत उभी होती. राहोत.

"अरे मावशी, एकदम फुल तयारी!" कंपनीच्या गेटवरचा वॉचमन महेंद्र हसला. "बारसं पण करणार काय?"

"करन की! लशीचे बापाला पन जुमानली नाय आमची टिकली."

ती लस चार महिन्यांपूर्वीची. एका संस्थेची डॉक्टर, मैत्रेयी, रस्त्यावरच्या कुत्र्यांवर चाचणी घ्यायला आली होती. मादीच्या बीजावर जे कवच असतं, त्याच्याविरुद्धची लस. ऑपरेशन नाही, चिरफाड नाही, फक्त पिल्लं होत नाहीत. टिकली कुणाला अंगाला हात लावू देईना. शेवटी भागीरथीने तिचं डोकं मांडीत घट्ट दाबून धरलं आणि मैत्रेयीने सुई टोचली. भागीरथीने हे पटल्यावरच केलं होतं. आदल्या विणीची सातही पिल्लं टेम्पोखाली गेली होती, एकेक करून. पण त्या दिवसापासून तिला टिकलीकडे धड बघवत नव्हतं. पोरं त्या मुक्या जिवाची, आणि नको म्हणणारी मी कोण, हे तिच्या मनातून जात नव्हतं. म्हणून आज गूळ अंमळ जास्तच पडला होता.

ती खड्ड्यापाशी वाकली. टिकलीने मान वर करून शेपूट हलवली.

तिच्या पोटाशी पाच हातमोजे होते. कामगार फाटल्यावर फेकून देतात ते सुती हातमोजे. सडांना लावून, नीट ओळीने ठेवलेले. चार तेलाने काळे झालेले होते. पाचवा तिने चाटून चाटून पांढरा केला होता.

भागीरथीने हातमोज्यांखाली चाचपून पाहिलं. खाली नुसती माती होती.

मैत्रेयी दुसरा डोस द्यायला दुपारी स्कूटरवरून आली, तेव्हाही भागीरथी तिथेच बसून होती. मैत्रेयीने वाकून पाहिलं आणि औषधाची पेटी न उघडताच खाली ठेवली.

"मावशी, लस लागू पडलीय. पिल्लं नाहीत."

"मंग दूध कशाला आला?"

"लशीने फक्त गर्भ राहत नाही. माजावर येणं थांबत नाही. तिच्या अंगाला वाटतंय, आपण व्यालो. होतं असं कुत्र्यांमध्ये, लस न दिलेल्यांनाही होतं."

"तिला कोन सांगनार, पोरी?"

मैत्रेयीने हातमोज्यांकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "हे काढून घ्यावे लागतील. ती चाटत बसली तर दूध आटणार नाही. सडात गाठी होतील, ताप चढेल. आणि शिरा नका देऊ आता. दूध वाढेल."

"मी नाय घेनार तिचे पोटाशी हात घालून."

"मी हात घातला तर चावेल. तुम्हालाच देईल."

भागीरथीला रडू आलं. तिने डोळे पुसलेही नाहीत. परात महेंद्रच्या हातात देऊन ती गुडघ्यांवर बसली आणि पहिला हातमोजा उचलला. टिकली गुरगुरली नाही. तिने तो हुंगला आणि सोडला. दुसरा सोडला, तिसरा, चौथा. पांढरा मात्र दातांत धरून ठेवला. भागीरथीने ओढला नाही, नुसता हात पुढे धरून ठेवला. बऱ्याच वेळाने टिकलीने तो तिच्या तळव्यावर ठेवला.

पाचही पदरात घेऊन भागीरथी कोपऱ्यावरच्या कचराकुंडीकडे निघाली. टिकलीही उठली, पण तिच्या मागे गेली नाही. ती भिंतीच्या कडेने उलट्या दिशेला, नाल्याकाठच्या बाभळीखाली गेली. दर विणीची मेलेली पिल्लं भागीरथी रस्त्यावरून गोळा करून तिथेच पुरत आली होती. टिकली तिथे जाऊन बसली आणि भागीरथीकडे बघत राहिली.

"टाका ना मावशी कुंडीत," मैत्रेयी हळूच म्हणाली.

भागीरथी कुंडीपासून मागे फिरली.

"महेंद्र, फावडा आन रं."

महेंद्रने फावडं आणलं, बाभळीखालची माती दोनदा वरवर खरवडली आणि थांबला. "बस ना मावशी? हातमोजे तर आहेत."

"अजून खन," भागीरथी म्हणाली. "खड्डा किती लागतो, ते तिला ठाव हाय."