बाळाची आई

सहा वर्षांच्या लेकीला नाताळच्या नाटकात बाळ येशूच्या आईचं काम मिळालं, आणि आई हात धुऊन तिच्या मागे लागली. वाक्य अडखळलं की पाठीत धपाटा, रडली की दुसरा. चारचौघांत चुकली, तर हसत हसत मांडीला चिमटा.

प्रयोगात लेक एकही शब्द चुकली नाही. पण गव्हाणीतली बाहुली धाडकन खाली पडली. लेकीने ती उचलली, प्रेक्षकांकडे गोड हसून बघत दुपट्यात हात घातला आणि कचकन चिमटा काढला.

"रडायचं नाही हं, राजा. लोक बघतायत. घरी चल, मग दाखवते!"

सभागृह खो-खो हसलं. "पोरीला सुचतं तरी कसं हो!" शेजारी बसलेल्या बाई आईला म्हणाल्या.

 

आईने आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.