विनामूल्य आठवड्यातील अखेरचा वर्ग

माझी सहधर्मचारिणी प्रगती इचोड्याच्या अंगणवाडीत शिक्षिका आहे. पदवीविना पर्यवेक्षिकेचे पद मिळत नसल्याने, नोकरी सांभाळून ऑनलाइन महाविद्यालय झेपेल काय, हे ती आठवडाभराच्या विनामूल्य वर्गांत पारखीत होती. अखेरच्या दिवशी, सकाळी सहाच्या अर्थशास्त्राच्या वर्गात तिला झोप लागली. मी सातवी उत्तीर्ण. तरी भाकरी थापता थापता मोबाइलवरील मराठी व्याख्यान श्रवण केले. वर्ग संपताच ती दचकून उठली. "जाऊ द्या, माह्याच्यानं नाई होत." मी म्हणालो, "सोपंच होतं. दसऱ्यानंतर साऱ्यांचा कापूस एकदमच जिनिंगवर येते अन् भाव पडते, तेच सर सांगत होते." "मंग फारम तुमच्याच नावानं भरू का?" "तुह्याच नावानं भर. झोप लागली तं सांगाले मी हावो ना." "अन् परीक्षेत लागली तं?" असे विचारीत तिने अर्जात स्वतःचे नाव भरले.