एकटी चप्पल

लामदुआनआजीने दोन्ही चपला रांगेत ठेवल्या. अगदी शेजारी शेजारी, तोंडं दाराकडे करून. उजवी झिजून पापडासारखी झालेली, पट्टा तारेने बांधलेला. डावी मात्र कोरी करकरीत, दुकानाचा कागदसुद्धा अजून तळाला चिकटलेला.

"वा आजी! अशी जोडी लावली की कसं बरं दिसतं," दारावरचा पहारेकरी म्हणाला. हसरा पोरगा होता. मागच्या महिन्यातलं त्याला काही आठवतच नव्हतं.

इस्पितळाचं दार उघडायला अजून अवकाश होता. माणसं बाकांवर बसून चिकट भाताच्या टोपल्या उघडत होती आणि त्यांच्या जागी रांगेत त्यांच्या चपला उभ्या होत्या. इकडे असंच चालतं. म्हाताऱ्या पायांनी कशाला ताटकळायचं? चपला दमत नाहीत, भांडत नाहीत, मध्येच घुसतही नाहीत!

आजीचे यजमान, खामफूआजोबा, बाहेर चिंचेखाली गाडीतच बसले होते.

साखरेच्या आजाराने त्यांचा डावा पाय कधीच नेला होता. पूर्वी नोंगसिम गावच्या छोट्या इस्पितळात ते दर मंगळवारी कुबडीवर टुणटुणत जायचे आणि रांगेत आपली एकच चप्पल लावायचे. तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती. "आली का आमची एकुलती एक!" मालीवान नर्स आतूनच ओरडायची. "आजोबा, उजवा पाय नसलेला एखादा दोस्त गाठा ना. एका जोडीत दोघांचं भागेल."

"शोधतोय गं पोरी. पण मेला माझ्या मापाचा मिळत नाही!"

सगळी पडवी खिदळायची. आजी मात्र प्रत्येक जोडीतली कोरी डावी चप्पल घरी तांदळाच्या पेटीमागे जपून ठेवायची. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मग नवी व्यवस्था आली. पाच तालुक्यांतले साखरेचे रोगी यापुढे शहरातल्या एकाच मोठ्या इस्पितळात तपासायचे. आरोग्य खात्याच्या साहेबांनी विहाराच्या मंडपात सगळं नीट समजावलं. मोठे डॉक्टर, नवी यंत्रं, गारेगार खोल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात आजोबांनीच.

नोंगसिमच्या शेवटच्या मंगळवारी मालीवानने त्यांच्या उजव्या पायाची बोटं फाकवून पाहिली आणि तिचं हसू मावळलं. "ही जखम पहिल्याच खेपेला दाखवा तिकडे. हसण्यावारी नेऊ नका, आजोबा."

पहिल्या खेपेला ते सगळ्यांच्या आधी पोचले. रांगेत पहिली चप्पल त्यांची. मग खांबाआड बसून दोघांनी भात खाल्ला. दार उघडलं, चपलांच्या क्रमाने नंबर वाटले गेले, आणि आजोबांची चप्पल रांगेत नव्हतीच! ती सापडली कुंड्यांमागच्या कचऱ्याच्या टोपलीत.

"कुत्र्यानं आणून टाकली असेल असं वाटलं हो," पहारेकरी ओशाळून म्हणाला. "एकटी चप्पल कोण रांगेत लावतं?"

त्यांना शेवटचा नंबर मिळाला. आत शंभर माणसं. गावाकडे परतणारी एकच गाडी, ती दुपारीच सुटायची.

"आपण थांबू," आजी म्हणाली. "रात्री इथंच बाकावर पडू."

"आणि बदकांना कोण खायला घालणार, तुझा बाप? एवढीशी तर जखम आहे. पुढच्या महिन्यात दाखवू." आजोबांनी टोपलीतली चप्पल झटकली, पायात घातली आणि कुबडी उचलली.

पुढचा महिना फार लांब होता. जखमेला तेवढा दम नव्हता.

आज मात्र आजी तांदळाच्या पेटीमागे हात घालून डावी चप्पल घेऊन आली होती. दार उघडलं. नंबर वाटायला सुरुवात झाली, आणि पहारेकऱ्याने स्वतः वाकून रांगेतली ती पहिली जोडी दाराशी सरकवली. कुणी तिला टोपलीत टाकलं नाही. कुणाला ती खटकली नाही. पहिला नंबर!

"मालक कुठायत, आजी? बोलवा लवकर, डॉक्टर आलेत."

गाडीवाल्याने आजोबांना चाकाच्या खुर्चीत बसवून आत आणलं. मांडीवर चौकड्यांची लुंगी पसरलेली होती. आज त्यांच्याजवळ कुबडी नव्हती. पहारेकऱ्याने तत्परतेने दोन्ही चपला उचलल्या आणि त्या पायात घालायला तो खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसला. त्याने लुंगीची कड जराशी वर केली. चपला त्याच्या हातातच राहिल्या.

आजीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

आजोबा हसले. नोंगसिमच्या पडवीत हसायचे, अगदी तसेच.

"राहू दे रे पोरा," ते म्हणाले. "त्या फक्त रांगेसाठी आहेत."