झाकणासकट

अजितच्या तोंडात ब्रश होता, तरी किस्सा थांबत नव्हता.

"...आणि मग नाना, मी उभा राहिलो दारात. एकेक पोरगं निघालं की हातात डबा ठेवायचा आणि एकदम सिरीयस चेहरा करून सांगायचं, बाळा, याला रिटर्न गिफ्ट म्हणतात. म्हणजे उद्या सकाळी धुऊन-पुसून रिटर्न आणून द्यायचं. झाकणासकट."

शेजारचे नाना गॅलरीत खुर्ची टाकून पेपर वाचत होते. ते इतके हसले की चष्मा नाकावरून घसरला. "मग? पोरं काय बोलली?"

"हल्लीची पोरं कसली ऐकतायत. काका, फेकू नका, बोलली आणि पळाली."

"अहो, आधी तोंड धुवा," आतून रुपालीचा आवाज आला. "वाढदिवस पोराचा आणि मिरवून घेतलं बापाने."

रिटर्न गिफ्टवरून नवराबायकोचं आठवडाभर वाजलं होतं. अजितचं म्हणणं, आमच्या वेळेला केकचा तुकडा, दोन वेफर्स आणि सरबत, की पोरं आपापल्या घरी. वर आणि गिफ्ट कसलं, आपण काय त्यांच्याशी पैज हरलोय? रुपालीचं म्हणणं, आपल्या हर्षूला सगळीकडून मिळतात, आपण नाही दिलं तर मी तोंड कुठे दाखवू? शेवटी तिने झाकणावर हत्ती असलेले प्लास्टिकचे डबे आणले आणि लालबागहून चिवडा आणून त्यात भरला. डबे वाटायचं काम अजितने स्वतःहून मागून घेतलं, तेव्हाच तिला संशय यायला हवा होता.

"एक तरी गिऱ्हाईक सापडायला पाहिजे होतं नाना," अजित म्हणाला. "मजा आली असती."

गॅलरीच्या टोकाकडून मनू येत होती. शाळेचा युनिफॉर्म, एक वेणी घातलेली, एक अजून सुटीच. दोन्ही हातांत डबा, आरतीचं ताट धरावं तसा. मागे तिची आई कौसल्या, खांद्याला पर्स, कामावर निघालेली. टोकाच्या खोलीत भाड्याने येऊन त्यांना महिनासुद्धा झाला नव्हता.

नानांनी पेपर तोंडासमोर धरला. पेपर थरथरायला लागला.

"दादा, उशीर नाही ना झाला?" कौसल्या म्हणाली. "सकाळीच द्यायचाय म्हणून ही उजाडल्यापासून मागे लागलीये. चिवडा काय, रात्रीच संपवला तिने. आता रिकामा डबा कसा द्यायचा, म्हणून थोडा शिरा घातलाय. गरम आहे अजून."

"अहो वहिनी..." अजितच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलेलंच होतं.

"झाकण नीट लागतंय, बघा तुम्ही. फक्त ते..." ती थांबली. "मनू, सांग काकांना."

मनूने डबा वर उचलून त्याचा तळ दाखवला. निळ्या स्केचपेनाने मोठ्ठं 'मनू' लिहिलं होतं. अर्धं पुसलेलं, आणि भोवती घासल्याचे पांढरे चरे.

"मी विसरले, परत द्यायचाय ते," ती म्हणाली. "आईने काथ्याने घासलं. जातच नाही."

"तसाच दुसरा कुठे मिळतोय का बघते मी," कौसल्या घाईने म्हणाली. "तुम्ही आठवणीने बोलावलंत हिला. नवीन आहोत आम्ही इथे. उगाच नाव नको खराब व्हायला."

पेपर थरथरायचा थांबला. नाना काही त्यामागून बाहेर आले नाहीत.

अजितने तोंडातला फेस गिळला. मस्करी होती म्हणावं, तर ह्या बाईने कामावर जायच्या आधी उठून रवा भाजला तो कशाला? मस्करी नव्हती म्हणावं, तर डबा हातात घ्यावा लागणार. गणपतीच्या मंडपात माईकवाल्याला गप्प करणारा माणूस हातातला ब्रश उलटसुलट करत राहिला.

रुपाली दारात येऊन उभी होती. तिने डब्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"वहिनी," अजित शेवटी म्हणाला, "हा डबा आमचा नाय. ह्याच्यावर मनू लिहिलंय. आमच्या घरात मनू कोण नाय."

कौसल्याने डब्याच्या तळाकडे बघितलं. मग तिच्या लक्षात आलं. तिने ओढणी सारखी केली आणि हसली, हसायलाच हवं म्हणून.

"मला वाटलं होतं, मस्करी असेल," ती म्हणाली. "पण म्हटलं, खरं असलं तर?"

"वहिनी, मी काय..."

"राहू दे दादा. बस जाईल माझी." ती जिन्यापाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. "चल मनू."

रुपालीने मनूच्या हातातून डबा घेतला. आत गेली, शिरा ताटलीत काढला, डबा विसळला. रिकामा कसा द्यायचा म्हणून उरलेला चिवडा त्यात गच्च भरला, वर केकचा एक तुकडा ठेवला. बाहेर येऊन तिने तो मनूला दिला नाही. अजितच्या हातात दिला.

अजित उकिडवा बसला आणि त्याने डबा मनूसमोर धरला.

मनूने डबा छातीशी धरला. जिन्यापर्यंत गेली आणि वळली.

"काका, उद्यापण सकाळीच आणू ना?"