मेणाचा थेंब

"ते नको," वार्सितो म्हणाला. "ते तिचं नाही."

सुलास्त्रीबाईंनी कॅमेरा खाली घेतला. ओसरीत दोरीवर सात बाटिक कापडं टांगली होती. आठवं त्यांनी कपाटाच्या तळातून काढलं होतं. तेच सगळ्यांत देखणं होतं.

रेंबांग शहरातल्या ज्या प्रदर्शनासाठी त्या फोटो काढायला आल्या होत्या, त्यात एक आख्खी भिंत तुमिनीच्या नावाची असणार होती. तुमिनीला जाऊन चार महिने झाले होते. तिच्या नावाखाली दुसऱ्या कुणाचं काम लागू नये, एवढंच तिच्या नवऱ्याचं, वार्सितोचं, म्हणणं होतं.

"कपाट सुरेख आहे हो," विषय सैल करायला त्या म्हणाल्या.

"कालीमंतानचं लाकूड. तिकडे समुद्रापलीकडे नोकरीला होतो, येताना आणलं."

"बरं. पण हे कापड त्यांचं नाही, हे कशावरून?"

वार्सितोनं बाकीच्या कापडांवरचे फिकट डाग एकेक करून दाखवले. "मेणानं नक्षी काढताना तिच्या हातून थेंब सांडायचा. मी मागे रंगाच्या पिंपांपाशी. तिथवर हाक यायची, 'अहो, सांडलं पुन्हा!' मग मी सळी तापवून आणायचो आणि थेंब उचलायचो. कितीही सफाईनं उचला, खूण राहतेच. या आठव्यावर एक तरी दिसते का?"

"आणि तुम्ही थेंब उचलत असताना त्या काय करायच्या?"

"काय करणार? चहा ओतायची. म्हणायची, 'आलाच आहात तर बसा.'" तो हसला. "मी बडबडायचो, आणि बसायचो."

तुमिनीची धाकटी बहीण कास्मी तळलेल्या केळ्यांची ताटली घेऊन आली. "पाहुण्यांना नक्षी दाखवायची सोडून डाग दाखवताय, भावोजी? धन्य आहे तुमची!"

"खरं आहे ते सांगतोय."

सुलास्त्रीबाईंनी काढलेले फोटो लॅपटॉपवर घेतले आणि उजेड कमी-जास्त केला. फिकट डाग गडद होऊन वर आले. त्यांनी पडद्यावर बोटानं मोजलं.

"गंमत बघा. सगळे सारख्या अंतरावर आहेत. वीतभर, वीतभर. चूक इतक्या शिस्तीत कुणी करतं का?"

"दिवसाचं काम वीतभर व्हायचं," वार्सितो म्हणाला. "चारच्या सुमाराला हात थकायचा तिचा."

"आणि ही ठिपक्यांची फुलं? अशी मी कुठेच पाहिली नाहीत."

"ती खेकड्यांची. ओहोटीला खेकडे बिळाभोवती वाळूच्या गोळ्या टाकतात ना, त्या. ती तासभर उकिडवी बसून बघायची. मी म्हणायचो, घरी चल, ऊन डोक्यावर आलंय. ती म्हणायची, थांबा हो, हा बघा, जायला-यायला वाट सोडतो. म्हणून तिच्या फुलात एका बाजूला फट असते."

सुलास्त्रीबाईंनी आठव्या कापडाचाही फोटो काढून शेजारी लावला. फुलं तीच. फट त्याच बाजूला. ठिपक्यांचा कलही तोच.

"हा एकाच माणसाचा हात आहे."

"नक्कल असेल. हे कास्मीनं केलंय."

कास्मीनं ताटली जवळजवळ आपटलीच. "मी? मला सरळ रेघ ओढता येत नाही! ताईनं एकदा गरम मेणाची लेखणी हातात दिली, तर मी स्वतःचीच मांडी भाजून घेतली."

"मग तिनं मला का सांगितलं, कास्मीचं आहे म्हणून?"

कास्मी कापडाकडे वळली. "ताईनं असं सांगितलं?"

"हो. ठेवा म्हणाली कपाटात तळाशी. मी कधी ते उलगडून पाहिलं नाही."

"अहो, रोज दुपारी मी तिच्या शेजारी तांदूळ निवडत बसायचे. तिनंच काढलंय हे, पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"आणि एकही थेंब सांडला नाही?" वार्सितोनं कापड उचललं आणि उजेडाकडे धरलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग उलटून पाहिलं. "तिच्या हातून? कसं शक्य आहे?"

"मला काय माहीत? शेजारी बसून मी एकदाही हाक ऐकली नाही, हे खरं."

सुलास्त्रीबाईंनी नोंदवही उघडली. "भिंतीवर साल लिहावं लागेल. कधीचं आहे हे?"

कास्मीनं बोटांवर हिशेब केला.

"भावोजी दोन वर्षं कालीमंतानला होते ना, तेव्हाचं."